नाकाच्या शेंड्याइतकी मऊ

थंडीच्या बाबतीत आपल्याला कोणी शहाणपण शिकवू नये, असं थंडोबाचं ठाम मत होतं. उभा जन्म त्याने फ्रीज दुरुस्त केले होते. खाटकांचे, औषधवाल्यांचे, आइस्क्रीमवाल्यांचे. दाराला कान लावला की आत कॉम्प्रेसरला काय दुखतंय ते त्याला कळायचं. गल्लीने त्याचं नाव थंडोबा पाडलं ते या धंद्यावरून. स्वभावावरून पाडायचं असतं तर प्रेशर कुकर पाडलं असतं.

तेव्हा लेकीने लग्नासाठी कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गुच्छ सांगितलाय, हे कानावर येताच त्याची शिट्टी झाली.

"फुलं विकतची? मागच्या अंगणात आईचं पिओनीचं झुडूप असताना?"

लेकीचं नाव ठकू. खरं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापलीकडे कधी गेलंच नाही. ठकूने त्याला शांतपणे समजावलं. पिओनी वर्षातून एकदाच फुलते, वसंताच्या शेवटाला, आणि आठवडाभरात आटोपते. यंदा ऊन लवकर तापल्याने कळ्या आत्ताच फुगल्या होत्या. नोंदणी कार्यालयाने लग्नाची तारीख दिली होती ती पंधरवड्याने. तोवर झुडपावर नुसती पानं राहणार.

थंडोबा हसला. गेल्या कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"तुझी आई काय करायची? कळ्या कापायची, कागदात गुंडाळायची आणि कोरड्याच फ्रीजमध्ये आडव्या ठेवायची. हवं तेव्हा बाहेर काढून पाण्यात ठेवल्या, की दुसऱ्या दिवशी ताटलीएवढी फुलं. आणि तो फ्रीज कोण सांभाळायचं?"

"तुम्ही."

"मग? थंडीचं माझ्यावर सोड. तू फक्त फुलवालीला फोन कर आणि तो गुच्छ रद्द कर."

ठकूने क्षणभर बापाकडे पाहिलं आणि फोन केला.

या झुडपाची गोष्ट थोडी सांगायला हवी, नाहीतर पुढचा सगळा गोंधळ तुम्हाला वेडेपणा वाटेल. ठकूच्या आईने त्याचा गड्डा माहेरून आणला होता. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आली तेव्हा कपड्यांच्या पेटीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, माती लागलेला, रताळ्यासारखा काहीतरी प्रकार निघाला. थंडोबाच्या आईला वाटलं सूनबाईने खायला काही आणलंय. मागे लावल्यावर त्याला पानं आली, पण फूल काही येईना. एक वर्ष गेलं, दोन गेली, पुढचंही गेलं. सासूबाई म्हणाल्या, उपटून टाक, कोथिंबीर तरी लावू. ठकूच्या आईने ऐकलं नाही. ही जागा बदलली की रुसते, म्हणाली, हिला वेळ द्यावा लागतो. एकदा रुळली की आपल्यानंतरही जगेल. ज्या वसंतात ठकू पोटात होती, त्या वसंतात पहिलं फूल आलं. पुढे ठकू चालायला लागल्यावर तिला झुडपापाशी नेऊन आई दरवर्षी एकच सांगायची: तुझ्या लग्नात तुझ्या हातात ही फुलं असतील.

तो शब्द देणारी गेल्या वर्षी पानगळीच्या सुमाराला गेली. शब्द मागे राहिला, आणि तो पाळायची जबाबदारी थंडोबावर आली. त्याने ती कोणी न सांगता घेतली होती, म्हणून तर टाळण्याचा प्रश्नच नव्हता.

या कामात खरं कसब एकच, कळी कधी कापायची ते. गोटीसारखी टणक असताना कापली तर ती जन्मात उमलत नाही, जागच्या जागी काळवंडते. उमलायला लागल्यावर कापली तर फ्रीजमध्ये टिकत नाही. मधली वेळ गाठायची. ठकूची आई त्यासाठी एक गंमत करायची. आधी बोटाने स्वतःच्या नाकाचा शेंडा दाबायची आणि मग त्याच बोटाने कळी दाबायची. नाक, कळी, नाक, कळी. "नाकाच्या शेंड्याइतकी मऊ झाली की कापायची," असं ती म्हणायची. थंडोबाने हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतकी वर्षं पाहिलं होतं, की त्याला ते पाढ्यासारखं पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कात्री घेऊन झुडपापाशी बसला आणि त्याने सुरू केलं. नाक, कळी, नाक, कळी. शेजाऱ्याने कुंपणावरून डोकावून सर्दीला काढा सुचवला.

आता थंडोबाचं नाक. ते घराण्यात प्रसिद्ध होतं. लांब, सरळ, शेंड्यापर्यंत हाडाचं. ठकूची आई म्हणायची, पाहुण्यांची छत्री अडकवायची सोय झाली. तर या नाकाशी ताडून त्याने कळ्या निवडल्या. ज्या बोटाखाली दबल्या त्या हाताबाहेर गेल्या असं समजून सोडून दिल्या. ज्या नाकाइतक्या ठणठणीत लागल्या, त्या कापल्या. चांगला बादलीभर ऐवज झाला.

अक्का हे सगळं पायरीवर बसून बघत होती. अक्का म्हणजे थंडोबाची थोरली बहीण, भाचीच्या लग्नासाठी आधीच येऊन राहिलेली. तिचं नाक लहानपणी झोपाळ्याची फळी लागून बसलं होतं, ते पुन्हा कधी उठलंच नाही. ती उठून आली. तिने आपलं चपटं नाक दाबलं, थंडोबाने सोडून दिलेली एक कळी दाबली आणि म्हणाली, ही बरोबर आहे, बाकीच्या तू दगड कापलेस.

"अक्का, तुझं नाक अपघातग्रस्त आहे," थंडोबा म्हणाला. "ते प्रमाण धरता येत नाही."

अक्काने त्याच्या हातातून कात्री घेतली, ती एक कळी कापली, ओळखू यावी म्हणून देठाला विणकामातली लाल लोकर बांधली आणि इतरांबरोबर ठेवायला दिली. वाद नको म्हणून थंडोबाने ती घेतली. वर अक्काने सुचवलं, कळ्यांना मुंग्या आहेत, गुंडाळायच्या आधी झटकून टाक. पिओनीच्या कळीला साखरेच्या पाकासारखा चिकट पाझर असतो, त्यावर मुंग्या येतातच; झुडपाला त्या काही करत नाहीत. थंडोबाने हात झटकला, मुंग्या नाही. थंडीत कुठली मुंगी जगते, म्हणाला.

फ्रीजसुद्धा साधा नव्हता. मागच्या खोलीत पडलेला जुना फ्रीज त्याने फक्त या कळ्यांसाठी उघडून पुन्हा जोडला. नवा गॅस भरला, नवा थर्मोस्टॅट बसवला. पिकलेल्या फळांच्या वाफेने फुलं खराब होतात, हेही ठकूच्या आईचंच म्हणणं, म्हणून त्यात फळाचं सालसुद्धा जायचं नाही असा हुकूम काढला. अक्काने सफरचंदं आणली होती. ती त्या खोलीच्या दाराजवळून नेल्याबद्दलही तिला बोलणी बसली. शेवटी त्याने फ्रीजला कडी ठोकून कुलूप लावलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. ठकूचा होणारा नवरा एकदा सहज विचारून गेला, आत काय आहे. अक्का म्हणाली, तुझ्या सासऱ्याचा जीव.

पंधरवडा असा गेला. लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी, थंडोबाने कुलूप उघडलं. कळ्या हिरव्यागार, जशा ठेवल्या तशा. त्याने अक्काला बोलावून दाखवल्या. प्रत्येक देठाचं टोक नव्याने छाटलं, बादलीत कोमट पाणी घेतलं आणि कळ्या त्यात उभ्या केल्या. लोकरवाली तेवढी उगाच जागा अडवणारी, म्हणून फ्रीजमध्येच ठेवून कुलूप लावून टाकलं. मग खुर्ची ओढून बादलीसमोर बसला.

चहा झाला. कळ्या तशाच.

त्याने नाक दाबून पाहिलं, कळ्या दाबून पाहिल्या. दोन्ही तशीच. पाणी बदललं, थोडं जास्त कोमट घेतलं. बादली उन्हात नेली. ऊन सरकलं तशी बादली सरकवली. संध्याकाळी ठकू कामावरून आली आणि बाबा, बघू तरी, म्हणत मागे यायला लागली, तेव्हा थंडोबा दारात आडवा उभा राहिला. आज नाही, उद्या बघ, म्हणाला. ती हसून वर गेली. जिना चढताना ती काहीतरी गुणगुणत होती.

ठकू वर गेली तसा तो एक कळी खिशात घालून फुलवालीकडे पळाला. ठकूची आई फुलवालीकडे वर्षानुवर्षं काम करायची, त्यामुळे बाई ओळखीची. तिने कळी दोन बोटांत धरली आणि नुसती मान हलवली. ही उमलायची नाही, म्हणाली. मग थंडोबाने दुसरी कुठलीही फुलं मागितली, तर दुकान रिकामं होतं. हे दिवस लग्नांचे, आणि ठकूच्या रद्द केलेल्या गुच्छाची जागा त्याच दिवशी दुसऱ्या कोणाच्या मागणीने घेतली होती.

"पण या इतक्या लवकर कापल्या कोणी?" फुलवालीने विचारलं.

आता इथे थंडोबाने खरं सांगायला हवं होतं. पण समोर त्याच्या बायकोची इतक्या वर्षांची मैत्रीण उभी होती. तिच्या मागच्या भिंतीवर बायकोचा दुकानातला जुना फोटो होता, हातात कात्री घेतलेला. त्या फोटोसमोर "मी" म्हणवेना.

"अक्काने," तो म्हणाला.

रात्री काय झालं ते सांगण्यासारखं नाही. काहीच झालं नाही. कळ्या मिटलेल्या, आणि थंडोबाचे डोळे उघडे.

उजाडताना त्याला बेकरी आठवली. जावयाचे वडील, म्हणजे त्याचे होणारे व्याही, बेकरीवाले. त्यांच्याकडे भट्टीच्या शेजारी एक लहान खोली होती, पीठ फुगायला ठेवायची. उबदार, दमट. जी खोली पिठाला फुगवते, ती कळीला का नाही फुगवणार? थंडोबाने बादली गाडीत घातली, ती सांडू नये म्हणून गुडघ्यांत धरली आणि तशी गाडी चालवत बेकरी गाठली. त्या चालवण्याचं वर्णन नको. कोणाला लागलं नाही, एवढं पुरे.

व्याहीबुवा पहाटेपासून जागे होते. ठकूच्या लग्नाचा केक त्यांनी स्वतः केला होता. तीन मजली, पांढराशुभ्र, साखरेच्या महिरपी काढलेला. टेबलावर तो अशा थाटात उभा होता, की थंडोबाने आत शिरताना चप्पल बाहेर काढली. त्याने आपली अडचण थोडक्यात सांगितली. व्याहीबुवा हसले नाहीत. चेहरा गंभीर करून म्हणाले, हे फुगवण्याचं काम, म्हणजे आमच्या खात्यातलं. त्यांनी कळ्या बादलीतून काढून ट्रेमध्ये आडव्या मांडल्या, देठांना ओलं फडकं लावलं आणि ट्रे त्या खोलीत सरकवला. दर थोड्या वेळाने दोघं दार उघडून आत डोकवायचे.

"अजून नाही झाल्या," व्याहीबुवांनी एक कळी दाबून सांगितलं. "पीठ कानाच्या पाळीसारखं लागलं पाहिजे."

थंडोबा म्हणाला, कळीला नाक लागतं, कान नाही. व्याहीबुवा म्हणाले, आमच्या तीन पिढ्या कानावर जगल्या. थंडोबा म्हणाला, आमच्याकडे नाकावरच सगळं असतं. बोलता बोलता दोघं एकमेकांच्या इतके जवळ आले, की व्याहीबुवांनी हात पुढे करून थंडोबाच्या नाकाचा शेंडा दाबला. लगेच बोट मागे घेतलं.

"हे नाक आहे?" ते म्हणाले. "माझ्या भट्टीतून असा पाव निघाला असता तर मी तो गिऱ्हाइकाला दिला नसता. पायरीला लावला असता."

थंडोबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने व्याहीबुवांची पाळी चिमटीत धरली. एकाचं बोट दुसऱ्याच्या नाकासमोर आणि दुसऱ्याच्या चिमटीत पहिल्याचा कान, अशा स्थितीत दोन होणारे व्याही उभे असताना व्याहीबुवांची नजर थंडोबाच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थिजली.

थंडीत कुठली मुंगी जगते, असं थंडोबा म्हणाला होता. सगळ्याच जगतात. कळीच्या बाहेरच्या पाकळ्यांत शिरून पंधरवडा निजतात. काल बादलीत त्या जाग्या झाल्या असणार, पण सभोवती पाणी, जातात कुठे. आता त्या कोरड्या ट्रेमध्ये आल्या होत्या, खोलीत उकडत होतं, आणि बाहेर तीन मजली साखर उभी होती. दार उघडं राहिलं होतं. एक बारीक काळी रांग ट्रेमधून निघून, चौकटीवरून, टेबलाच्या पायावरून थेट केकच्या दुसऱ्या मजल्यावर पोचली होती.

व्याहीबुवा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मुंग्यांना आमंत्रण तुमच्याकडून गेलंय का?"

पुढचा काही वेळ दोघंही राबले. एक कुंचला घेऊन, एक पातळ सुरी घेऊन. मुंग्या गेल्या, पण केकच्या एका बाजूची महिरपही त्यांच्याबरोबर गेली. तिथे खरवडलेला, उघडा, तपकिरी पट्टा राहिला. केकला टक्कल पडल्यासारखं दिसत होतं.

नेमकी त्याच वेळी, बापाला शोधत, ठकू आत आली. मागे अक्का. ठकू लग्नाचा पोशाख घालून तयार होती, फक्त पायात घरच्या चपला होत्या. फुलवालीने सकाळी अक्काला फोन करून समजावलं होतं, वयाने असं होतं, लवकर कापल्या तरी मनाला लावून घेऊ नका. अक्काने तो फोन ऐकून घेतला होता आणि वाटेत भाचीला जसाच्या तसा सांगितला होता. थंडोबाला मात्र ती अजून एक शब्द बोलली नव्हती. ती दारात पिशवी धरून उभी होती.

ठकूने केककडे पाहिलं. मग ट्रेमधल्या कळ्यांकडे. काही कळ्या आता कडेने काळ्या पडायला लागल्या होत्या.

"बाबा, फुलं नाहीयेत, हो ना?"

थंडोबाने मान हलवली. हातातला कुंचला खाली ठेवायचंही सुचेना.

"मी सगळं आईसारखंच केलं," तो म्हणाला. "फ्रीज, कागद, पाणी. कापायच्या आधी प्रत्येक कळी नाकाशी ताडून पाहिली. नाकाच्या शेंड्याइतकी मऊ झाली की कापायची. हेच म्हणायची ना ती?"

"हेच," ठकू म्हणाली. रडू आवरायला म्हणा किंवा आठवण काढायला म्हणा, तिने आईसारखंच बोट उचललं आणि आपल्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं. मग तिचं बोट तिथेच थांबलं.

"बाबा, कुणाच्या नाकाच्या?"

भट्टीत कुठेतरी पत्रा तडकल्याचा आवाज झाला.

थंडोबा तिच्याकडे बघत राहिला. ठकूचं बोट लागलं तसं तिचं नाक अलगद बसलं होतं. "काढ बोट," तो म्हणाला. तिने बोट काढलं. नाक सावकाश वर आलं. "पुन्हा दाब." तिने पुन्हा दाबलं. मग काय वाटलं तिला, तिने चेहराच पुढे केला.

"तुम्हीच बघा."

थंडोबाच्या बोटांना आयुष्यभराच्या कामाने घट्टे पडले होते. त्याने ते बोट आधी शर्टाला पुसलं. मग लेकीच्या नाकाचा शेंडा जेमतेम दाबला. हे नाक त्याच्या ओळखीचं होतं, तिच्या आईचं. थंडीत लाल होणारं, हसताना पसरणारं. शेवटच्या महिन्यात त्यावर दवाखान्याची नळी चिकटवलेली असायची, म्हणून तो तिकडे बघायचा नाही, खिडकीकडे बघायचा. तेव्हापासून ते त्याच्या मनातून पुसलंच गेलं होतं. नियम तेवढा राहिला होता, नाक गेलं होतं. आणि गेलेल्या नाकाच्या जागी त्याने आपलं लावलं होतं.

"मी माझं धरलं गं," तो म्हणाला.

"तरीच," व्याहीबुवा म्हणाले.

ठकू रडायला लागली. रडतानाच मधेच हसली. मग दोन्ही एकदम सुरू झालं. थंडोबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. दुसऱ्या हातात कुंचला तसाच होता.

आता अक्काने पिशवी टेबलावर ठेवली.

"माझं नाक अपघातग्रस्त आहे," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "ते प्रमाण धरता येत नाही. आणि शिवाय मी वयाने चुकीच्या कळ्या कापते. तरी विचारते. लाल लोकर बांधलेली एक होती. ती कुठाय?"

थंडोबाचा चेहरा बदलला. ती फ्रीजमध्ये होती. फ्रीजला कुलूप होतं. किल्ली पँटच्या खिशात होती, आणि ती पँट काल धुवायला टाकली होती.

घरी पोचल्यावर किल्ली शोधण्यात कोणी वेळ घालवला नाही. थंडोबाने पेचकस काढला आणि कडीला हातही न लावता बिजागऱ्यांच्या बाजूने फ्रीजचं अख्खं दार उतरवून बाजूला ठेवलं. कुलूप दाराला लटकत राहिलं. आयुष्यात इतक्या वेगाने त्याने फ्रीज उघडला नव्हता. ठकूने आत हात घातला, कागद सोडला आणि कळी दाबली. मग स्वतःचं नाक दाबलं.

"आत्या," ती म्हणाली.

अक्काने नाक वर केलं. जेवढं होतं तेवढं.

पण अजून काही जिंकलेलं नव्हतं. कळी मऊ होती तरी मिटलेली होती, आणि नोंदणी दुपारी होती. थंडोबाने देठ छाटला. अक्काने कळीवरचा चिकट पाझर कोमट पाण्याने धुतला, कारण तो वाळला की पाकळ्या एकमेकींना चिकटून बसतात. कळी पेल्यात ठेवली. गाडीतला हीटर वसंतात पहिल्यांदाच पूर्ण चालू झाला. थंडोबा चालवत होता, ठकू शेजारी पेला धरून बसली, अक्का आणि व्याहीबुवा घामाने निथळत मागे. सिग्नलला गाडी थांबली की चौघंही पेल्याकडे वाकायचे.

कार्यालयाच्या दारात एक बाहेरची पाकळी सैल झालेली दिसली. फक्त एक. जावई आधीच तिथे उभा होता. त्याने हे सगळे घाम का पुसताहेत असं विचारलं, तर चौघांनी एकदम पेल्याकडे बोट दाखवलं. पण नशिबाने त्यांच्या आधीच्या जोडप्याचा एक साक्षीदार हरवला होता. तो चहा प्यायला म्हणून गेला होता आणि चहा पीतच राहिला होता. ते जोडपं हवालदिल होतं. थंडोबा मनातल्या मनात म्हणत होता, पी बाबा, अजून एक पी.

साक्षीदार आला. ते लग्न झालं. यांची पाळी आली. कळी आता अर्धवट उघडलेल्या मुठीसारखी होती. नोंदणी अधिकारी म्हणाले, पाण्याचा पेला कागदांपासून दूर ठेवा. ठकूने कळी पेल्यातून काढून हातात घेतली, लाल लोकरीसकट. अधिकाऱ्यांनी वाचायला सुरुवात केली. नाव, वय, पत्ता. आईचं नाव वाचलं तेव्हा ठकूने मान खाली घातली आणि थंडोबाने तिच्या हाताकडे पाहिलं.

मूठ उघडली होती. कधी उघडली ते कोणी पाहिलं नाही. फिकट गुलाबी, थरावर थर, मध्यभागी एका पाकळीवर लाल रेघ, जशी दरवर्षी असायची. अधिकारी वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, वास फार छान आहे. थंडोबाला उत्तर द्यायचं होतं, पण नाक दाटून आलं होतं.

त्याच क्षणी फुलाच्या पोटातून एक मुंगी बाहेर आली, ठकूच्या अंगठ्यावरून उतरली आणि सहीच्या जागेवर येऊन थांबली.

"थंडीत कुठली मुंगी जगते," अक्का हळूच म्हणाली.

व्याहीबुवांनी फुंकर मारली. ठकूने सही केली.

परत आल्यावर अंगणात जेवण झालं. केक टक्कल भिंतीकडे करून मांडला होता. फूल पाण्याच्या पेल्यात टेबलाच्या मधोमध होतं, ताटलीएवढं. जेवणं आटोपल्यावर ठकू झुडपापाशी जाऊन उभी राहिली. आम्हाला नव्या घरी मागे थोडी जागा आहे, म्हणाली, आईचं झुडूप तिकडे नेऊन लावलं तर?

"अजिबात नाही," थंडोबा म्हणाला. "जागा बदलली की ही रुसते. तुला माहितेय ना, आईच्या वेळी काय झालं. त्यापेक्षा तू दर वसंतात इकडे ये. कात्री माझी, नाक तुझं."

ठकूला पटलं. दर वसंतात येईन, म्हणाली.

आता खरी गोष्ट अशी, की अख्खं झुडूप न्यायची काही गरजच नसते. पानगळीच्या दिवसांत गड्ड्याचा एक तुकडा काढून दिला, की तो दुसरीकडे लागतो. चार वर्षं रुसेल, पण मग फुलेल. आणि मूळ झुडपाला काही होत नाही. थंडोबाच्या घरी ते झुडूप तसंच तर आलं होतं, टॉवेलात गुंडाळून. हे थंडोबाला माहीत होतं. अक्कालाही माहीत होतं. तिने भावाकडे पाहिलं, आपल्या चपट्या नाकावर बोट ठेवलं आणि गप्प बसली.

ठकूला अजून माहीत नाही. तुम्हीही इतक्यात बोलू नका.